अंग झोकून खेळायचा खेळ

सेगाचा ‘हँग-ऑन’ आज संगणकावर खेळताना चटकन कंटाळा आला, तर दोष खेळाचा नाही. यू सुझुकी यांनी १९८५मध्ये तो घडवला मोटारसायकलच्या आकाराच्या यंत्रासाठी. वळण आले की त्यावर बसलेल्याने सारे अंग एका बाजूला झोकायचे, की पडद्यावरची गाडीही कलायची. रस्ता म्हणजे सपाट चित्रे भराभर मोठी करून साधलेला खोलीचा आभास. त्याला वजन येई ते खेळणाऱ्याच्या शरीराचे. बाणांच्या कळा दाबताना नेमके तेच गळून पडते आणि उरते ती घड्याळाशी शर्यत.

यावर कोणी म्हणेल, नुसत्या हँडलचे उभे यंत्रही होतेच, आणि सेगाच्या घरगुती ‘मास्टर सिस्टम’ या कन्सोलवरही हा खेळ आला. खरे आहे, वळणाआधी वेग किती उतरवायचा, हा हिशेब तिथेही रंगतो. (खुद्द सुझुकींनी पुढे आपल्या ‘शेनम्यू’ या खेळातल्या आर्केडात तो खेळायला ठेवला, तोही कंट्रोलरवरच!) पण जुने खेळ जपणाऱ्या संग्रहालयांनी एवढ्यावर समाधान मानू नये. प्रोग्राम जपणे स्वस्त, यंत्र जपणे जागा खाणारे आणि खर्चिक. तरी निदान काही यंत्रे चालू ठेवावीत, आणि लोकांना त्यांवर बसू द्यावे.