मेंदूचे प्रारूप आणि मनाचे आजार

संगणकावर मानवी मेंदू दहा वर्षांत उभा करू, अशी ग्वाही हेन्री मार्करम यांनी २००९ मध्ये दिली होती. युरोपीय महासंघाच्या पाठबळावर २०१३ मध्ये ‘ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट’ सुरू झाला. वर्षभरातच शेकडो शास्त्रज्ञांनी खुल्या पत्राद्वारे आक्षेप नोंदविले. २०२३ मध्ये प्रकल्प संपला, मेंदू काही उभा राहिला नाही. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. मार्करम यांच्या गटाचे २०१५ मधील प्रारूप उंदराच्या जेमतेम ३१ हजार पेशींचे होते.

तरीही सारा खटाटोप वाया गेला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूची स्वतंत्र प्रारूपे तयार केली. झटक्याचा उगम शोधून शस्त्रक्रियेस साह्य करणे, हा त्यामागील हेतू. नैराश्याला मात्र असा एकच ठावठिकाणा नाही. त्याचे निदान आजही रुग्णाशी बोलूनच होते.