प्रमाणपत्रामागचा माणूस

गाडीला उशीर झाला की सेवाग्राम स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला जाऊन मालगाड्या पाहत उभे राहायचे, हा माझा निवृत्तीनंतरचा छंद. परवा शेजारच्या रुळावर तेलाच्या टाक्यांची लांबलचक मालगाडी उभी होती. सोबत भाचा होता. तो मुंबईकडच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरीला आहे. मी सहज विचारले, "काय रे, आत जे आहे ते चोख आहे, हे कशावरून?"

तो हसला. "मामा, प्रत्येक खेपेसोबत गुणवत्तेचा दाखला असतो."

दाखला! उभा जन्म बँकेत दाखल्यांवर सह्या करण्यात गेलेला माणूस मी. त्या शब्दाने माझे समाधान होण्याऐवजी मन थोडे अस्वस्थच झाले.

मग भाच्याने सगळे समजावून सांगितले. पेट्रोल म्हणजे विहिरीतून निघणारा एकच पदार्थ नव्हे. कारखान्यातल्या निरनिराळ्या यंत्रांतून चार-पाच प्रकारचे द्रव निघतात आणि ते ठरलेल्या प्रमाणात मिसळले की पेट्रोल होते. जुनी रीत लग्नघरच्या आचाऱ्यासारखी. मोठ्या टाकीत सारे ओतायचे, ढवळायचे, निवू द्यायचे. वरचा, मधला आणि तळाचा असे नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवायचे. कमीजास्त असेल तर पुन्हा मिसळायचे. दाखल्यावर सही झाली की मगच टाकीची झडप उघडायची.

नवी रीत न्हाणीघरातल्या गरम आणि गार नळांसारखी आहे. सारे द्रव एकाच नळात, वाहता वाहताच मिसळतात. नळावर बसवलेली यंत्रे दर काही मिनिटांनी ऑक्टेन, गंधक, घनता तपासतात आणि संगणक झडपा कमीजास्त करतो. टाक्या कमी लागतात, वेळ वाचतो, आणि हवे त्याहून जास्त ऑक्टेन फुकट देण्याचा तोटाही टळतो. काही ठिकाणी हा माल टाकीत न थांबता सरळ पाइपलाइनमध्ये किंवा जहाजात जातो.

या काटेकोरपणाची आज गरजही आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी आपल्या डिझेलमध्ये शंभर भागांत एक भाग गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'भारत स्टेज सहा' या मानकानुसार दहा लाख भागांत फक्त दहा भाग चालते. एवढे बारीक माप माणसाच्या नाकाने किंवा डोळ्याने कळणारे नाही.

"पण यंत्रच चुकले तर?" मी विचारले. "म्हणून तर वाहत्या मालाचे थोडेथोडे थेंब सतत एका भांड्यात जमा करतात," भाचा म्हणाला. "तो नमुना प्रयोगशाळेत जातो. ऑक्टेन शेवटी एका ठराविक, एका सिलिंडरच्या इंजिनावरच पडताळतात. नमुन्याची बाटली सील करून जपून ठेवतात. आणि आकडे जुळले नाहीत, तर पाळीवरच्या माणसाने माल थांबवायचा असतो."

थांबवायचा! तिथे मला माझी एक सही आठवली. ऐंशीच्या दशकात धान्य तारण ठेवून आम्ही कर्ज देत असू. गोदामात जाऊन, पोत्यांत पोकळ सळई खुपसून दाणे पाहायचे आणि मग दाखला द्यायचा, असा नियम. एकदा संध्याकाळ झाली होती, बस चुकेल असे वाटत होते. मी पुढच्या रांगेतली पोती तपासली आणि साऱ्या थप्पीच्या दाखल्यावर सही केली. पुढे आतल्या पोत्यांत किडका माल निघाला. व्यापाऱ्याचा दोष होताच, पण माझी सही खोटी होती. 'आज सही होणार नाही' एवढे चार शब्द मला उच्चारता आले नाहीत.

सेवाग्रामच्या मातीला प्रमाणपत्र नवे नाही. १९२५ साली स्थापन झालेला चरखा संघ खादी भांडारांना प्रमाणपत्र देत असे. कारण खादीतही भेसळ होती. ताणा गिरणीच्या सुताचा, बाणा हातसुताचा, आणि नाव मात्र खादी! कापड हाताने कातले-विणले आहे आणि कातणारणीला ठरलेली मजुरी मिळाली आहे, या दोन्हींची ग्वाही त्या कागदात होती. बापूकुटीसमोर उभे राहिलो की मला वाटते, प्रमाणपत्र म्हणजे अनोळखी माणसाला दिलेला शब्दच.

तेलाच्या बाबतीत मात्र हा शब्द वाटेत अनेक हातांतून जातो. इथेनॉलचेच पाहा. २०२५ मध्ये पेट्रोलमधले त्याचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. ते पाणी चटकन ओढून घेते, म्हणून कारखान्यात न मिसळता पुढे डेपोत मिसळतात. म्हणजे कारखान्याचा दाखला शेवटचा नव्हेच. डेपोच्या पुढे टँकर, आणि टँकरच्या पुढे मोह. मनमाडजवळ पानेवाडीला २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तेलाची चोरी आणि भेसळ करणाऱ्यांना हटकले. त्यांना जिवंत जाळण्यात आले. त्याआधी २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी येथे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांनी भेसळीच्या पंपावर कारवाई केली आणि गोळ्या झेलल्या. या दोघांनी तेच चार शब्द उच्चारले, जे मला एका बसच्या घाईत जमले नव्हते.

वाचकहो, आपण काय करतो? पंपावर त्या दिवसाची घनता विचारण्याचा, गाळणकागद मागण्याचा, पाच लिटरच्या मापाने तपासून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. कागदावर पेट्रोलचा थेंब टाकला की तो डाग न ठेवता उडून जायला हवा. सगळी भेसळ त्यात पकडली जाते असे नाही. पण विचारणारा गिऱ्हाईक आहे, हे तरी समोरच्याला कळते. मी वर्ध्याच्या एका पंपावर प्रथम घनता विचारली तेव्हा पोरगा गोंधळला, मागच्या मोटारसायकलवाल्याने भोंगा वाजवला आणि मला माझीच लाज वाटली. तरी मी थांबलो. पोराने वही आणून आकडा दाखवला. आकडा बरोबर होता.

स्टेशनवरची मालगाडी हलली. टाक्यांच्या झाकणांवरची सीले एकामागून एक डोळ्यांसमोरून गेली. "मामा, कधी माल थांबवावा लागला तर वरून बोलणी बसतात," भाचा हळूच म्हणाला. "तरी थांबवतोस ना?" मी विचारले. त्याने मान हलवली. त्या दिवशी मला मिळालेला सर्वांत भरवशाचा दाखला तोच होता.