सहा हजारांचा स्पीकर आणि चार रुपयांची काटकसर

१५ ऑगस्टला एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. झेंडावंदन झालं, चौथीतली एक पोरगी भाषणाला उभी राहिली आणि तिसऱ्याच वाक्याला ट्रॉली स्पीकर खरखर करून बंद पडला. पोरीनं भाषण पूर्ण केलं, पण मागं उभ्या असलेल्या आयांना एक शब्द ऐकू आला नाही. स्पीकर मागच्याच वर्षी लोकवर्गणीतून घेतलेला. सहा हजार रुपये. वॉरंटी सहा महिन्यांची, कधीच संपलेली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींसोबत रिपेअरिंगवाल्याकडे गेलो. त्यानं मागचं झाकण उघडलं आणि एक फुगलेला कपॅसिटर दाखवला. १६ व्होल्टचा. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे चालायला हवा असं आपल्याला वाटतं. पण चार्जिंगला लावली की तीच बॅटरी साडेचौदा व्होल्टच्या आसपास जाते. म्हणजे हा बिचारा कायम काठावर. इथं २५ व्होल्टचाच हवा होता.

दुसरी गोष्ट. त्यावर ८५ डिग्री लिहिलेलं होतं. बाजारात १०५ डिग्रीचाही मिळतो. कपॅसिटरच्या आत द्रव असतो, तो उष्णतेनं हळूहळू सुकतो. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. आणि हा बसवला कुठं? तापणाऱ्या हीटसिंकला अगदी चिकटून! दोन्ही बाबतीत योग्य माल वापरला असता तर खर्च किती वाढला असता? फार तर तीन-चार रुपये.

लोक म्हणतील, स्वस्तात घेता मग टिकेल कसा? मला हे पटत नाही. त्याच स्पीकरला रंगीत दिवे होते, रिमोट होता, चकचकीत जाळी होती. पैसे होते, पण ते दिसणाऱ्या जागी घातले आणि न दिसणाऱ्या जागी वाचवले. एक लाख नगांवर चार रुपये वाचले की कंपनीचे चार लाख होतात. शाळेचे मात्र सहा हजार बुडतात आणि वर्गणी मागायला पुन्हा कुणाचं तोंड होत नाही.

खोक्यावर काय लिहिलं होतं? '८००० वॅट पीएमपीओ'. आतली बॅटरी १२ व्होल्ट, साडेचार ॲम्पिअर-अवर. म्हणजे ५४ वॅट-अवर. खरंच ८००० वॅट काढले असते तर बॅटरी २५ सेकंदांत संपली असती, राव! पीएमपीओ हा जाहिरातीचा आकडा आहे. विचारायचा तो आरएमएस.

बीआयएसचा नोंदणी क्रमांक असेल तर बीआयएस केअर ॲपवर तपासून घ्या, ते चांगलंच. पण ती खूण सुरक्षिततेची आहे, वस्तू किती वर्षं टिकेल याची नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पण बिननावाच्या स्पीकरचा बोर्ड कुठं मिळेल, हे कोणतं पोर्टल सांगणार?

म्हणून गटशिक्षणाधिकारी आणि ग्रामपंचायतींना एक विनंती. तीन कोटेशन मागवता, सगळ्यात कमी दर निवडता, ठीक आहे. पण कोटेशनमध्ये आणखी तीन ओळी मागा : आरएमएस वॅट किती, वर्षभराची लेखी वॉरंटी आहे का, बॅटरी आणि बोर्ड तालुक्यात मिळेल का. जो हे लिहून देणार नाही, त्याचा दर कितीही कमी असो, बाजूला ठेवा. बिल पक्कंच घ्या. बिल हातात असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार तरी करता येते.

शाळेचा स्पीकर सध्या चालू झालाय. २५ व्होल्ट, १०५ डिग्रीचा कपॅसिटर, हीटसिंकपासून लांब बसवलेला. मजुरीसकट दीडशे रुपये.

तुमच्या शाळेत, मंडळात, भजनी मंडळात घेतलेला स्पीकर किती महिने टिकला? किंमत आणि महिने कमेंटमध्ये लिहा. दुकानदाराचं नाव नको, त्याच्याशी भांडण नाही. आकडे जमले की ते घेऊन पंचायत समितीत जाऊ.