संडास बांधला, पुढे काय?

तालुक्याच्या गावात शिरताना हल्ली ‘हगणदारीमुक्त’ अशी पाटी दिसते. पाटीच्या मागून ओढा वाहतो. मोऱ्यांचे पाणी, सेप्टिक टाक्यांचे ओघळ, सगळे त्यातच. मैत्रिणींनो, मग गाव नेमके कशापासून मुक्त झाले?

२ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. बाईची अब्रू राखायला घरात संडास, असा प्रचार झाला. संडास हवाच होता, आपण तो मागतही होतो. अब्रूसाठी नव्हे, हक्क म्हणून. पण सरकारने संडास मोजले. त्यातला मैला जातो कुठे, हे मोजले नाही.

घरात आलेल्या १०० लिटर पाण्यातले सुमारे ८० लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा अभियंत्यांचा हिशेब आहे. धुणी, भांडी, फरशी, पोरांच्या अंघोळी: त्यातले बहुतेक बाईच्या हातून जाते. मोरीपर्यंत ते बाईचे काम. मोरीबाहेर गेले की मात्र ‘तांत्रिक बाब’! आम्ही बायका नगरपंचायतीत निवेदन घेऊन गेलो, तेव्हा हेच ऐकवले गेले, “ताई, हे तांत्रिक आहे, तुम्ही बचत गटाचे बोला.” महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी गटार कुठून जाणार हे नगरसेविकेला नाही, तिच्या नवऱ्याला विचारतात.

गटार तुंबले की हे तंत्रज्ञ कुठे असतात? उंबऱ्यात आलेले पाणी बादलीने बाईच उपसते. डेंग्यूने फणफणलेल्या पोराजवळ तीच जागते, मजुरीचा खाडाही तिचाच पडतो. गटार न बांधून वाचलेला पैसा हा असा आपल्या अंगावरून वसूल होतो.

आणि टाकी भरल्यावर कोणाला बोलावतात? त्याची जात सांगायला नको. हाताने मैला साफ करून घेण्याला १९९३ च्या कायद्याने बंदी केली. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात, सेप्टिक टाकीत उतरवणेही गुन्हा ठरवले. तिथे मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ते ३० लाख केले. भरपाई वाढली, मरण थांबले नाही. त्या कामगाराच्या मागे राहिलेली बाई आपल्या मोर्चात कुठे असते? तिचा प्रश्न दलित संघटनांचा आणि गटाराचा प्रश्न नगरपंचायतीचा, अशी वाटणी आपण मान्य करणार असू, तर स्त्रीमुक्ती ही उंबऱ्याच्या आतलीच राहील.

“भुयारी गटाराला पैसा नाही,” हे ठरलेले उत्तर. पण छोट्या गावाला तेवढा एकच मार्ग नाही. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी २०१८ च्या सुमारास सेप्टिक टाक्या पाळीपाळीने, दर तीन वर्षांनी गाडीने उपसायची पद्धत सुरू केली. टाकी भरून वाहीपर्यंत वाट पाहायची नाही. उपसलेला मैला ओढ्यात न सोडता प्रक्रिया केंद्रावर न्यायचा. जिथे जमीन पाणी मुरवते आणि विहीर लांब आहे, तिथे मोरीच्या पाण्याला शोषखड्डा पुरतो. यात न समजण्यासारखे काय आहे?

तेव्हा निवेदनात स्पष्ट लिहू या. गावात किती टाक्या आहेत आणि त्या शेवटच्या कधी उपसल्या, याची यादी जाहीर करा. यंत्राशिवाय एकही माणूस टाकीत उतरता कामा नये. सफाई कामगाराला ठेकेदाराच्या दारात उभे करू नका, कायम नोकरी द्या. गटाराचा नकाशा मंजूर होण्याआधी वस्तीतल्या बायकांसमोर मांडा.

निवेदन देण्याआधी मात्र एक काम करा. मैला उपसणारी गाडी वस्तीत आली की चौघीजणी मिळून तिच्या मागे जा, आणि ती कोणाच्या शेताशेजारी, कोणाच्या पाणवठ्यावर रिकामी होते ते डोळ्यांनी पाहून या.