हार गळ्यातला, हिशेब घराचा

एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने पहिल्यांदा एक लाख रुपयांचा आकडा गाठला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो सव्वा लाखाच्याही पुढे गेला. २००० साली हाच भाव साडेचार हजारांच्या आतबाहेर होता. मध्यवर्ती बँकांची सोनेखरेदी, युद्धांची धास्ती, डॉलरवरचा डळमळता विश्वास, घसरता रुपया अशी कारणे अर्थतज्ज्ञ सांगतात आणि ती खरीच आहेत. पण आपल्या घरांत ही बातमी दोन साध्या प्रश्नांच्या रूपाने येते. मुलीच्या लग्नात हार कसा करायचा? आणि कपाटात आहे त्या हाराचे काय करायचे?

मी नोकरीची तीसेक वर्षे बँकेत काढली. त्यातली बरीच सोनेतारण कर्जाच्या टेबलाजवळ गेली. त्या टेबलावर हाराची नक्षी कोणी पाहत नाही. कस, निव्वळ वजन आणि मालकी, एवढेच पाहिले जाते. मला वाटते, हार घेतानाही हेच तीन प्रश्न आधी विचारावेत. नक्षी त्यानंतर.

दागिना की ठेव?

आपल्याकडे हार घेताना 'हौसही झाली आणि पैसाही राहिला' असे म्हणण्याची पद्धत आहे. हिशेब मांडून पाहू. समजा, बावीस कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला एक लाख धरला आणि चाळीस ग्रॅमचा हार घेतला. सोन्याचे झाले चार लाख. घडणावळ चौदा टक्के धरली तर छप्पन्न हजार. या दोन्हींवर तीन टक्के जीएसटी, म्हणजे १३,६८० रुपये. एकूण ४,६९,६८० रुपये. दुसऱ्या दिवशी तोच हार मोडायला नेला तर सराफ फार तर सोन्याचे चार लाख देईल. जवळजवळ सत्तर हजार रुपये एका रात्रीत गेले. ते भरून यायला सोन्याचा भाव सतरा टक्क्यांहून अधिक चढावा लागेल.

म्हणून हार घेऊ नये असे नव्हे. कारागिराच्या हाताचे मोल द्यायलाच हवे. पण ते सत्तर हजार हौसेचे आहेत आणि चार लाख ठेवीचे, हे घरात स्पष्ट असावे. केवळ साठवण करायची असेल तर साधे वळे किंवा नाणे बरे. गळ्यात घालायचा असेल तर हार घ्यावा आणि वर्षानुवर्षे घालावा.

कस आणि वजन

पूर्वी सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस सांगत असे. गिऱ्हाईक त्याच्या शब्दावर विसंबे, कारण तीन पिढ्यांचा संबंध असे. आज पेढ्या मोठ्या झाल्या, ओळख कमी झाली; शब्दाची जागा शिक्क्याने घेतली. भारतीय मानक ब्युरोची हॉलमार्क योजना २००० साली आली, पण जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असणेही बंधनकारक झाले. हारावर तीन खुणा पाहाव्यात: ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, २२ के ९१६ अशी शुद्धता आणि तो सहा जागांचा क्रमांक. दुकानातच सराफाकडचे भिंग मागावे. त्यात संकोच कसला? तो क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपवर घातला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. ॲप 'अंगठी' म्हणत असेल आणि हातात हार असेल, तर पिशवी उचलून बाहेर पडावे. कुंदन, पोलकी, जडाव यांना मात्र ही सक्ती नाही. तिथे बिलातला शब्द न् शब्द वाचावा लागतो.

भाव विचारतानाही एक खुबी आहे. जाहिरातीत दिसतो तो पुष्कळदा चोवीस कॅरेटचा भाव. हार बावीस कॅरेटचा असेल तर हजारांत ९१६ भाग सोने. भावही त्याचाच लागला पाहिजे. बोलीभाषेतल्या 'तोळ्या'चेही तसेच. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आजचा दहाचा. आजीचा पाच तोळ्यांचा हार आजच्या जवळजवळ सहा तोळ्यांचा भरतो. वाटण्या करताना हे विसरले की भांडणे होतात.

भावाने आणखी एक गंमत केली आहे. १९६३ साली मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरेटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. लोकांनी नाके मुरडली, सोनारांच्या पोटावर पाय आला आणि चोरटी घडण चालूच राहिली. पुढे १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला. कायद्याला जमले नाही ते आता भाव करतो आहे. अठरा कॅरेटचे हार सर्रास विकले जातात आणि जुलै २०२५ मध्ये नऊ कॅरेटचे सोनेही हॉलमार्कच्या यादीत आले. नऊ कॅरेट म्हणजे हजारांत ३७५ भाग सोने. रोजच्या वापराला, नाजूक साखळीला ते वाईट नाही. मात्र त्याला ठेव समजू नये.

लाख आणि खडे

आपल्या जुन्या हारांची एक गोष्ट नव्या सुनांना कोणी सांगत नाही. बोरमाळ, ठुशी, कोल्हापुरी साज यांत पातळ पत्र्याच्या आत लाख भरण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे थोड्या सोन्यात भरदार दागिना होतो, पत्रा चेपत नाही. परंपरेने साजाला एकवीस पाने: दशावतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक-पाचूची दोन आणि एक डोरला. मधूनमधून मणी. शंख, मासा, कासव एवढ्याशा पानावर उठवणारा कारागीर म्हणजे मोठाच कलावंत.

पण तराजूला कला कळत नाही. तारणाला आलेल्या अशा हाराचे एकूण वजन एक असे आणि लाख, खडे, मोती, दोरा वजा जाता उरलेले सोने भलतेच कमी. समोर बसलेल्या बाईचा चेहरा त्या क्षणी उतरे. तिला वाटे, बँक फसवते आहे. फसवत कोणी नसे. घेताना निव्वळ वजन कोणी विचारलेलेच नसे. म्हणून बिलावर निव्वळ सोन्याचे वजन, शुद्धता, खड्यांचे वजन व किंमत आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. खड्यांचे वजन सोन्याच्या भावाने लागले नाही ना, हे पाहावे.

आणि असा जुना हार घरात असेल तर तो घाईने मोडू नये. मोडीत त्याचे फक्त सोने मोजले जाते. हात गेला तो गेलाच.

जपणूक

बावीस कॅरेटचे सोने मऊ असते. एका डबीत चार दागिने कोंबले की ते एकमेकांना ओरखडतात. प्रत्येकाला वेगळी मऊ पिशवी हवी. साधा सोन्याचा हार रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून मऊ ब्रशने हलके घासावा. मात्र लाखेचा हार गरम पाण्यात कधीही घालू नये. कुंदनाच्या हाराला पाणीच नको. खड्यामागच्या वर्खापर्यंत ओल गेली की खडा काळवंडतो. तन्मणीचे मोती घामाने आणि अत्तराने निस्तेज होतात. ते सगळ्यांत शेवटी घालावेत, सगळ्यांत आधी काढावेत आणि मऊ कापडाने पुसून ठेवावेत. फुटलेल्या तापमापीतला पारा सोन्याला लागू देऊ नये. सोने पांढरे पडते.

हार हरवतो तो बहुधा चोरीने नव्हे, झिजलेल्या कडीने किंवा कुजलेल्या दोऱ्याने. फासा आणि मळसूत्र वर्षातून एकदा सोनाराला दाखवावे. रेशमात ओवलेला हार दोन-तीन वर्षांनी पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यावा आणि तो गाठवताना समोर बसावे.

लॉकरबद्दल मोठा गैरसमज आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढी. भाडे तीन हजार असेल तर तीन लाख. आपला वरचा हारच पावणेपाच लाखांचा आहे! विमा वेगळा उतरवावा. हाराचे छायाचित्र आणि बिल लॉकरबाहेर ठेवावे.

हार कोणाचा?

सोने गहाण टाकणे ही एके काळी लाजेची गोष्ट होती. १९९१ साली परकीय चलनाच्या टंचाईत देशाने ४७ टन सोने परदेशी तारण ठेवले, तेव्हा साऱ्या देशाला घरातली पाटली गेल्यासारखे वाटले. आज सोनेतारण कर्जाच्या जाहिराती चौकाचौकांत झळकतात. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली जाहीर केलेल्या नियमांत घरखर्चासाठीच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणाच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के अशी मर्यादा घातली आहे. किंमत धरायची ती फक्त सोन्याची. कस कर्जदारासमोर तपासायचा, आणि फेडीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत दागिना परत न दिल्यास, चूक बँकेची असेल तर, दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. नियम चांगले आहेत.

पण एक प्रश्न नियमांनी सुटत नाही. तारणाच्या टेबलावर हार बहुतेक वेळा बाईचा असे आणि सही पुरुषाची. कर्ज ट्रॅक्टरचे, दुकानाचे, धाकट्या दिराच्या फीचे. गरजा खऱ्या असत, बाईही नाही म्हणत नसे. मात्र हार सोडवून आणण्याची निकड तिच्याएवढी दुसऱ्या कोणाला नसे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली आणि पुन्हा एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की स्त्रीधन ही पती-पत्नीची सामाईक मालमत्ता नव्हे. अडचणीत पतीने ते वापरले तरी परत करणे त्याचे कर्तव्य आहे.

ज्या घरात जमीन, घर, दुकान सगळे पुरुषांच्या नावावर असते, तिथे हार हीच तिची एकमेव मालमत्ता असते. तेव्हा लेकीसाठी हार घ्याल तेव्हा बिल तिच्या नावावर करा. माहेरून आणि सासरहून आलेल्या दागिन्यांची वजनासह यादी करून दोन्ही घरांत एकेक प्रत ठेवा. लॉकर तिच्या नावाने घ्या. तारण ठेवायची वेळ आलीच तर अर्जावर तिची सही असू द्या आणि सोडवायची तारीख त्याच दिवशी घरातल्या कॅलेंडरवर लिहा. यात अविश्वास काही नाही. बँकेत मुदत ठेव ठेवताना आपण पावती घेतोच की!