हा ‘मी’ कोण?

नागपुरात मराठी शिकवता शिकवता केस पिकले. पण ‘निवेदन प्रथमपुरुषी आहे’ हे उत्तर वाचले की अजून डोके तडकते. झाले, एक गुण पदरात! अहो, पण हा ‘मी’ कोण? १८९० साली निघालेल्या ‘करमणुकी’तून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः आली. लिहिणारा पुरुष, बोलते ती यमू! एका मुलीने नेमके हेच लिहिले, तर तपासनीसबुवांनी गुण कापला. नमुना उत्तरात ते नव्हते म्हणे. (नमुनाच खरा!) मी पुस्तक मिटून वर्गाला सांगतो, ‘आता यमूचे केशवपन शंकरमामंजींच्या तोंडून सांगा.’ सारे गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘सर, मामंजी सांगू लागले तर ती रडलेली कळणारच नाही.’