विश्लेषण : लीना हॉर्न यांची गाणी चित्रपटातून सहज कापता येतील अशीच का चित्रित केली गेली?

जुन्या जॅझ गाण्यांच्या चित्रफिती मोबाइलवर पाहणाऱ्यांना लीना हॉर्न हे नाव नवे नाही. खांबाला टेकून उभी असलेली, झगमगत्या पोशाखातील गायिका. तीन-चार मिनिटांचे गाणे. त्याआधी संवाद नाही, नंतरही नाही. ही मांडणी आजच्या ‘रील’ला साजेशी वाटते. प्रत्यक्षात तिचा उगम १९४० च्या दशकातील अमेरिकी वंशभेदात आहे. दक्षिणेकडील चित्रपटगृहांना ही दृश्ये काढून टाकता यावीत, म्हणून ती मुद्दाम कथेपासून वेगळी ठेवली जात. ही पद्धत कशी चालत होती, हॉर्न यांनी तिला कसे तोंड दिले आणि आजच्या चित्रपटांशी तिचा काय संबंध आहे, याचा आढावा.

लीना हॉर्न कोण होत्या?

लीना हॉर्न यांचा जन्म ३० जून १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. त्यांच्या आजी कोरा कॅल्हून हॉर्न या सामाजिक कार्यकर्त्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेत त्यांनी नातीचे नाव ती जेमतेम दोन वर्षांची असतानाच नोंदवले. म्हणजे चळवळ हॉर्न यांच्या आयुष्यात गाण्याच्याही आधी आली.

सोळाव्या वर्षी त्या हार्लेममधील ‘कॉटन क्लब’मध्ये नृत्यपथकात दाखल झाल्या. या क्लबात रंगमंचावर कृष्णवर्णीय कलाकार असत आणि प्रेक्षकांत मात्र गोऱ्यांनाच प्रवेश असे. पुढे वाद्यवृंदांसोबत गात त्या हॉलीवूडला पोहोचल्या. १९४२ मध्ये एमजीएम या बलाढ्य स्टुडिओने त्यांच्याशी दीर्घ मुदतीचा करार केला. कृष्णवर्णीय कलाकाराला असा करार मिळणे त्या काळी फार विरळा होते.

‘कापता येणारे दृश्य’ म्हणजे काय?

‘पनामा हॅटी’ (१९४२), ‘थाउजंड्स चिअर’ (१९४३), ‘ब्रॉडवे ऱ्हिदम’ (१९४४), ‘टू गर्ल्स अँड अ सेलर’ (१९४४) आणि ‘वर्ड्स अँड म्युझिक’ (१९४८) या एमजीएमच्या चित्रपटांत साधारण एकच साचा दिसतो. कथा गोऱ्या नायक-नायिकेची. मध्येच एखादा क्लब किंवा रंगमंच येतो, हॉर्न गातात आणि निघून जातात. नायकाशी त्यांची ओळख नसते आणि कथेतील कोणताही प्रश्न त्यांच्यामुळे निर्माण होत नाही वा सुटत नाही.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचे तर हे दृश्य म्हणजे ‘प्लग-इन’ होते. बसवले तर चित्रपटाची शोभा वाढते, काढले तरी मूळ चित्रपट विनाअडथळा चालतो. लांबी कमी करण्यासाठी चित्रपटगृहाने एखादे गाणे उडवले तरी कथा कळते, हा अनुभव भारतीय प्रेक्षकांनाही आहे. इथे मात्र कात्री लांबीसाठी लागत नव्हती. गाणारी व्यक्ती कृष्णवर्णीय होती आणि ती नोकराच्या वेशात नव्हती, हेच कारण होते.

व्यापाराच्या दृष्टीने स्टुडिओची दोन्हीकडून सोय होती. उत्तरेकडील शहरांतील प्रेक्षकांना आणि सैन्यातील कृष्णवर्णीय जवानांना हॉर्न हव्या होत्या. दक्षिणेतील काही वितरकांना त्या नको होत्या. एकाच चित्रपटाच्या जणू दोन आवृत्त्या काढून दोन्ही बाजारपेठा सांभाळता येत होत्या.

चित्रपट कापण्याचा अधिकार शहरांना कसा मिळाला?

याचे मूळ १९१५ च्या एका निकालात आहे. ‘म्युच्युअल फिल्म’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ धंदा असल्याचे म्हटले. त्यामुळे त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मिळाले नाही. राज्ये आणि शहरे यांना आपापली सेन्सॉर मंडळे चालवण्यास मोकळे रान मिळाले.

त्यातील सर्वांत कुप्रसिद्ध मंडळ टेनेसी राज्यातील मेम्फिसचे. लॉइड बिनफोर्ड १९२८ ते १९५५ या काळात त्याचे प्रमुख होते. ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ (१९४५) या विनोदी चित्रपटातील कृष्णवर्णीय पात्र गोऱ्यांशी फारच बरोबरीने वागते, म्हणून त्यांनी त्यावर बंदी घातली. ‘कर्ली’ (१९४७) या चित्रपटात काळी आणि गोरी मुले एकाच वर्गात बसलेली दिसतात, म्हणून तोही रोखला. अशा ठिकाणी हॉर्न यांच्या गाण्यांना कात्री लागणे अटळ होते.

ही चौकट १९५२ मध्ये मोडू लागली. मे महिन्यात ‘बर्स्टिन विरुद्ध विल्सन’ खटल्यात न्यायालयाने चित्रपटांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. आठवडाभरातच टेक्सासमधील मार्शल या शहराने ‘पिंकी’ (१९४९) या चित्रपटावर केलेली कारवाईही रद्द ठरली. गोरी समजली जाणारी कृष्णवर्णीय तरुणी हा ‘पिंकी’चा विषय. ती भूमिका मात्र जीन क्रेन या गोऱ्या अभिनेत्रीने केली होती. हॉर्न यांच्यासाठी हे निकाल उशिरा आले. त्यांचा एमजीएममधील काळ तोवर संपला होता.

प्रमुख भूमिका कधी मिळाल्या?

स्टुडिओच्या काळात मोजून दोनदा, आणि दोन्ही एकाच वर्षी. १९४३ मध्ये एमजीएमच्या ‘केबिन इन द स्काय’मध्ये त्यांनी जॉर्जिया ब्राउन ही मोहिनी साकारली. त्याच वर्षी ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सच्या ‘स्टॉर्मी वेदर’मध्ये त्या नायिका होत्या. दोन्ही चित्रपटांतील कलाकार कृष्णवर्णीय होते. म्हणजे हॉर्न यांना संवाद, प्रेम, मत्सर असे माणसासारखे काही मिळाले ते पडद्यावर गोरे कोणी नसतानाच. ‘स्टॉर्मी वेदर’मध्ये पंचविशीतील हॉर्न यांचे नायक होते साठी ओलांडलेले नर्तक बिल रॉबिन्सन. फॅट्स वॉलर, कॅब कॅलोवे आणि निकोलस बंधू यांच्यामुळे हा चित्रपट आज जॅझ आणि नृत्याचा अमूल्य दस्तावेज मानला जातो.

इथेही कात्री चुकली नाही. ‘केबिन इन द स्काय’साठी फेसाने भरलेल्या टबात बसून गाणाऱ्या हॉर्न यांचे दृश्य चित्रित झाले होते. ते अंतिम चित्रपटातून वगळण्यात आले. पुढे ‘दॅट्स एंटरटेन्मेंट ३’ (१९९४) या संकलनपटात ते समाविष्ट झाले.

मोलकरणीच्या भूमिका नाकारण्याची किंमत काय होती?

त्या काळी हॉलीवूडमध्ये कृष्णवर्णीय अभिनेत्रीसाठी ठरलेली भूमिका म्हणजे मोलकरीण. एनएएसीपीचे नेते वॉल्टर व्हाइट यांनी १९४२ मध्ये स्टुडिओंकडे हा साचा बदलण्याचा आग्रह धरला. हॉर्न या त्या प्रयत्नाचा चेहरा ठरल्या. मोलकरणीच्या भूमिका करणार नाही, अशी त्यांची अट होती आणि त्यांचे वडील स्वतः एमजीएमचे प्रमुख लुई बी. मेयर यांच्याशी बोलायला गेले होते. त्यांना लॅटिन अमेरिकी म्हणून पुढे आणण्याच्या सूचनाही झाल्या. त्यांनी त्या धुडकावल्या.

या भूमिकेला दुसरी बाजूही होती. ज्यांचे घर नोकरांच्या भूमिकांवर चालत होते, अशा अनेक कृष्णवर्णीय कलाकारांना आपली रोजीरोटी जाण्याची भीती वाटली आणि त्यांचा रोष हॉर्न यांच्यावर निघाला. ‘गॉन विथ द विंड’मधील मोलकरणीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल यांनी मात्र त्यांना धीर दिला. दोघींचे मार्ग वेगळे होते, पण अडचण एकच होती. एकीला पडद्यावर जागा मिळत होती, पण हातात ट्रे घेऊनच. दुसरीने ट्रे नाकारला, तर तिला कथेतच घेतले गेले नाही.

‘शो बोट’ची भूमिका का हुकली?

जेरोम कर्न या संगीतकाराच्या आयुष्यावरील ‘टिल द क्लाउड्स रोल बाय’ (१९४६) या चित्रपटात ‘शो बोट’ या संगीत नाटकाचा अंश आहे. त्यात ज्युली ही व्यक्तिरेखा हॉर्न यांनी साकारली. पाच वर्षांनी एमजीएमने ‘शो बोट’ पूर्ण लांबीचा काढला. ज्युली ही मिश्रवंशीय स्त्री आणि तिचा नवरा गोरा. हॉर्न यांच्यासाठी याहून चपखल भूमिका शोधून सापडली नसती. ती मिळाली एवा गार्डनर या गोऱ्या अभिनेत्रीला. गार्डनर यांचा गाण्यांतील आवाज पुरेसा वाटला नाही, म्हणून चित्रपटात तो अॅनेट वॉरन यांचा वापरला गेला.

हॉलीवूडच्या निर्मिती संहितेने गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींमधील शरीरसंबंध दाखवण्यावर बंदी घातली होती. ही तरतूद १९५६ पर्यंत टिकली. गोऱ्या अभिनेत्रीने मिश्रवंशीय स्त्री ‘साकारली’ की पडद्यावर प्रत्यक्षात दोन गोरीच माणसे दिसत आणि पंचाईत टळत असे.

पडद्याबाहेरील लढ्याचा कामावर काय परिणाम झाला?

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी कार्यक्रम करताना एका छावणीत जर्मन युद्धकैदी पुढे आणि अमेरिकेचेच कृष्णवर्णीय जवान मागे बसवलेले हॉर्न यांनी पाहिले. त्या मंचावरून उतरल्या, कैद्यांच्या रांगा ओलांडून जवानांपुढे गेल्या आणि तिथे गायल्या. पुढे त्यांनी स्वखर्चाने छावण्यांचे दौरे केले.

१९५० मध्ये ‘रेड चॅनेल्स’ या पुस्तिकेने कम्युनिस्टांशी जवळीक असल्याचा ठपका ठेवत १५१ जणांची नावे छापली. त्यात हॉर्न होत्या. पॉल रोबसन यांच्याशी असलेली मैत्री आणि समतावादी संघटनांतील वावर त्यांना भोवला. चित्रपट आणि दूरचित्रवाणीची दारे काही वर्षे जवळपास बंद झाली. या काळात नाइट क्लबांनी त्यांना तारले.

याच यादीतील हेझेल स्कॉट यांची गोष्ट याहून थेट आहे. जॅझ पियानोवादक आणि गायिका असलेल्या स्कॉट यांनी ‘द हीट्स ऑन’ (१९४३) च्या चित्रीकरणात तीन दिवस काम बंद ठेवले. जवानांना निरोप देणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांना मळके एप्रन घालायला सांगितले होते, त्याला त्यांचा विरोध होता. एप्रन हटले, पण स्कॉट यांची चित्रपट कारकीर्दही लवकरच आटोपली. १९५० मध्ये त्यांना स्वतःच्या नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम मिळाला. त्या सप्टेंबरमध्ये काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देऊन त्यांनी काळ्या यादीवर टीका केली आणि काही दिवसांतच कार्यक्रम बंद झाला.

हॉर्न पडद्यावर परतल्या तेव्हा काय बदलले होते?

१९६३ मध्ये हॉर्न चळवळीत उघडपणे उतरल्या. मे महिन्यात लेखक जेम्स बाल्डविन यांच्यासह त्या अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना भेटल्या. जूनमध्ये मिसिसिपीतील जॅक्सन येथे मेडगर एव्हर्स यांच्या सभेत सहभागी झाल्या. त्यानंतर काही दिवसांतच एव्हर्स यांची हत्या झाली. ऑगस्टमधील वॉशिंग्टन मोर्चातही त्या होत्या.

१९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरील बंदी रद्द केली. दोनच वर्षांनी आलेल्या ‘डेथ ऑफ अ गनफायटर’मध्ये हॉर्न या रिचर्ड विडमार्क यांनी साकारलेल्या गोऱ्या मार्शलची प्रेयसी होत्या आणि चित्रपटात वंशाचा उल्लेखही नव्हता. पुढे ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमात त्यांनी कर्मिट या बेडकासोबत हिरव्या रंगाचे असण्याविषयीचे गाणे गायले. ‘द विझ’ (१९७८) मध्ये त्या ग्लिंडा होत्या. १९८१ मध्ये ब्रॉडवेवरील एकपात्री संगीत कार्यक्रमात त्यांनी हॉलीवूडचे अनुभव स्वतःच्या तोंडून मांडले. त्याचे ३०० हून अधिक प्रयोग झाले आणि विशेष टोनी पुरस्कारही मिळाला. इथे त्यांना वगळून कार्यक्रम होऊच शकत नव्हता. ९ मे २०१० रोजी त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये ब्रॉडवेवरील एका नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले. कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव मिळालेले ते तिथले पहिले नाट्यगृह.

हा विषय आज महत्त्वाचा का?

कारण कापता येणारी दृश्ये आजही लिहिली जातात. ‘स्टार वॉर्स : द राइज ऑफ स्कायवॉकर’ (२०१९) मध्ये गर्दीतील दोन स्त्रियांचे ओझरते चुंबन होते. सिंगापूरमध्ये वयोगटाचे सोयीचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून ते काढण्यात आले आणि कथेत कुठे फट पडली नाही. याउलट ‘लाइटइयर’ (२०२२) मधील समलिंगी दाम्पत्याचे दृश्य निर्मात्यांनी कापले नाही. परिणामी संयुक्त अरब अमिरातीसह अनेक देशांत चित्रपट प्रदर्शित झाला नाही. कारणे आणि समूह वेगळे असले तरी बाजारपेठेचे गणित १९४३ मधीलच आहे. ठाम राहिले तर महसूल जातो, लवचीक राहिले तर माणसे पडद्यावरून जातात.

पडद्यावर कोणत्या समूहाचे किती चेहरे दिसले, याची मोजणी आता सर्रास होते. त्या मोजणीत एमजीएमचे चित्रपट उत्तीर्ण झाले असते, कारण हॉर्न त्यांत दिसतात आणि राणीसारख्या दिसतात. हॉर्न यांच्या कारकिर्दीतून याहून कठोर कसोटी मिळते. एखादे पात्र काढून टाकले, तर कथा अडते का? अडत नसेल, तर त्या पात्राला चित्रपटात घेतानाच त्याच्या बाहेर जाण्याची वाटही आखून ठेवलेली असते.